बँकेत राहिलेला वाणी

पेरुंगुडीच्या त्या इमारतीत थंडी फार. बाहेर रस्त्यावर चपला डांबराला चिकटतायत आणि आत पाऊल टाकलं की दंडावर काटा येतो. काचेचं दार आपोआप सरकतं, रखवालदार सलाम करतो. मला कुणी सलाम केला की मी आधी सावध होते. ही बँक आमची होती तेव्हा दारात कुणी सलाम करत नसे. "बाहेर पाय पूस, मग आत ये," असं ओरडत असत.

आईच्या लॉकरचे कागद घेऊन मी गेले होते. अंबत्तूरची शाखा गेल्या महिन्यात बंद झाली. आता काहीही असलं की दोन बस बदलून शहराच्या या टोकाला यायचं. मला सोफ्यावर बसवलं. सोफ्यासमोर काचेचं एक उंच कपाट होतं, आत पिवळे दिवे सोडलेले. आणि तिसऱ्या फळीवर आमचा वाणी बसला होता.

मातीचा, वीतभर उंचीचा, मांडी घालून बसलेला. सुटलेलं पोट, कपाळावर भस्माचे तीन पट्टे, पुढ्यात तांदूळ-डाळीच्या चिमूटभर राशी. इथल्या घरांत त्याला चेट्टियार म्हणतात, आमच्याकडे वाणी. डाव्या कानाचा टवका उडालेला. तो मीच उडवला होता, पाच वर्षांची असताना. त्याचं उपरणं पांढरं होतं, लाल काठाचं. आता ते चकचकीत निळं होतं. बँकेच्या पाटीचा निळा.

खाली पितळी पट्टी, इंग्रजीत आणि तमिळमध्ये: आपल्या समाजाचा वारसा, बँकेने जतन केलेला.

मी ते तीनदा वाचलं. एन्नोरच्या खाडीत वीजकेंद्राची राख येते, तिच्यावर पत्रकं लिहिण्यात माझी बरीच वर्षं गेली. सरकारी खुलासे वाचून वाचून एक खोड लागली आहे: वाक्यात खोटं कुठे दडलंय ते आधी शोधायचं. इथे शोधायला वेळ लागला नाही. 'बँकेने' या शब्दात होतं ते.

अंबत्तूरच्या औद्योगिक वसाहतीत, लेथच्या शेड संपून घरं सुरू होतात त्या कोपऱ्यावर ती शाखा होती. एकमजली, हिरव्या खिडक्यांची. एरवी तिथे शाईच्या पॅडचा, ओलसर नोटांचा आणि मशीनच्या तेलाचा वास असायचा. तेलाचा वास बँकेचा नव्हे, रांगेतल्या माणसांच्या बाह्यांचा. माझ्या बाबांच्याही. सांगलीहून आलेले बाबा आधी दुसऱ्याच्या लेथवर होते, मग स्वतःच्या. मधली उडी या बँकेच्या कर्जावर मारली, हे मी नाकारत नाही. नाकारण्यासारखं असतं तर हा लेख सोपा झाला असता.

नवरात्र आलं की तो वास पालटायचा. मोगऱ्याचे गजरे, कापूर, आणि मोहरी-कढीपत्त्याची फोडणी. काउंटरवरची लोखंडी जाळी नऊ संध्याकाळी बाजूला सारलेली असायची. जाळी नसलेली बँक! आम्हा मुलांना ती एकदम उघडीबोडकी वाटायची, चष्मा काढलेल्या मास्तरासारखी. टेबलं, बाकं, वह्यांच्या पेट्या एकावर एक रचून नऊ पायऱ्या व्हायच्या, त्यांवर पांढरं धोतर अंथरलं जायचं आणि धोतरावर बाहुल्या. हा कोलू. घरोघरी मांडतात इथे, पण बँकेत मांडलेला मी तरी दुसरीकडे पाहिला नाही.

दिवसभर सगळ्यांवर खेकसणारा कॅशियर संध्याकाळी सुंडलचं पातेलं घेऊन बसायचा. एक दिवस हरभरे, एक दिवस चवळी, एक दिवस वाटाणे, वर ओलं खोबरं. द्रोणात वाढताना चमचा पातेल्याच्या काठावर घासून सपाट करायचा. सवय हाताची, ती सणालासुद्धा सुटत नाही.

आलेल्या प्रत्येकीनं गायचं, हा नेम. "पाडुम्मा, पाडु," गा म्हणून मागे लागायचे. शेजारची इडलीवाली सेल्वी अक्का मुरुगदेवाचं गायची, कोपऱ्यावरची तेलुगू मावशी दोन ओळींनंतर हसत सुटायची. माझी आई तंजावरची. तिच्या घरात शतकं मराठी टिकली, पण तिला तमिळ हेल चढला, मध्येच 'गं'चा 'डी' व्हायचा. ती तिच्या माहेरचं जुनं मराठी पद म्हणायची, ज्यातले निम्मे शब्द सांगलीच्या बाबांनाही कळत नसत. बाबा बाहेर पायरीशी उभे राहून ऐकायचे, तेलकट शर्टानं आत नको म्हणून. एका वर्षी माझी पाळी आली आणि मी गाणंच विसरले. घाबरून सातचा पाढा म्हटला. बँकवाल्यांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या.

आता बाहुल्यांचं. त्या बँकेच्या नव्हत्या. आमच्या भागातलं प्रत्येक घर आपली एक बाहुली बँकेला देत असे. "कोलूला उसनी," असं म्हणायचे. पुढे कुणीतरी सुचवलं की दरसाल न्या-आणा कशाला, तुमच्या घरांत पावसाळ्यात घोटाभर पाणी येतं, आमची स्ट्राँगरूम कोरडी आहे. तेव्हापासून बाहुल्या वर्षभर बँकेतच राहू लागल्या, जुन्या धोतराच्या फडक्यांत, डांबराच्या गोळ्यांसोबत, लोकांच्या सोन्याशेजारी.

आमच्याकडून वाणी गेला होता. वाणीण घरी राहिली. घरच्या कोलूत, चौथ्या पायरीवर, आई तिला नीट मधोमध बसवत नसे. डावीकडे सरकवून बसवायची आणि तिच्या उजवीकडे वीतभर जागा मोकळी सोडायची. "कुठे गेले हिचे?" असं पाहुण्यांनी विचारलं की आई म्हणायची, "बँकेत गेलेत." आणि बायका हसायच्या, जणू ते खरोखर पासबुक घेऊन गेलेत.

बँकेच्या कोलूत एक विचित्र गोष्ट होती. ती मला लहानपणीच खुपायची. तिथे सगळेच एकटे होते. लग्नाच्या मांडवात नवरा होता, नवरी नव्हती. राम होता, सीता नव्हती. लाल लाकडाच्या राजाराणीतली नुसती राणी. सनईवाला होता आणि ढोलवाला गायब. मला वाटायचं, ही बँकेची कंजुशी. देवसुद्धा निम्मेच आणते.

ते चुकीचं होतं. पण किती चुकीचं, ते कळायला मला या वर्षापर्यंत थांबावं लागलं.

त्या काळचे मॅनेजर वरदन सार. बारीक, काळेसावळे, पांढरा अर्धा शर्ट, खिशाला दोन पेनं. नवरात्रात तेही घरोघर कोलू बघायला जायचे. आमच्याकडे आले की खुर्ची नाकारून पाटावर बसायचे. तळहातावर सुंडल घ्यायचे आणि डोळे घरभर फिरवायचे. बाहुल्यांवरून शिलाई मशीनवर, मशीनवरून भिंतीच्या ओलीवर, ओलीवरून माझ्या वह्यांवर.

"सेल्वीचं वाटण किती वाजता सुरू होतं हो?" एकदा त्यांनी सहज विचारलं.

"पहाटे चारला आवाज येतो सार," आई म्हणाली. "अगदी वेळेत. तापात असली तरी."

पंधरवड्यात बँकेच्या कर्जावर सेल्वी अक्काचा इडलीचा दुसरा गाडा आला.

आज मला त्या 'सहज'चा संशय येतो. एखादा माणूस आपल्या घरी येतो, आपल्या देवापुढे हात जोडतो, आपल्या हातचं खातो, आणि खाताना आपली पत बघतो. याला काय म्हणायचं? माया? चौकशी? कागदावर काहीच नसलेल्या बाईला निव्वळ शेजारणीच्या शब्दावर त्यांनी गाडा दिला, हे खरं. दोन गल्ल्या पलीकडच्या एका घरी ते दोनदा गेले, दोनदा सुंडल खाल्लं, आणि त्या घराला काही मिळालं नाही, हेही खरं. का, ते कुणी विचारलं नाही. त्या घरची बाहुली मात्र पुढच्या वर्षीही बँकेच्या पायरीवर होती. सातव्या पायरीवर, हातात पोपट घेतलेली बाई. तिच्याकडे बघायला मला अजून नको वाटतं.

बँका म्हणतात, आम्ही समाजात गुंतवणूक करतो. माझं म्हणणं, आधी समाज बँकेत गुंततो. आम्ही तिला आमची घरं दाखवली, एकमेकांबद्दल खरं सांगितलं, नऊ संध्याकाळी तिच्यासाठी गायलो. तिनं त्या ऐकण्यावर कर्जं दिली. तेव्हा निदान ऐकत तरी होती. आमच्या ठेवींवर आमच्याच शेड उभ्या राहत होत्या, त्या चालत जाऊन बघता येत होत्या. आता त्याच ठेवींवर कुठे काय उभं राहतं ते मला विचारू नका. पेरुंगुडीच्या त्या सोफ्यावरून मात्र खिडकीत निव्वळ टॉवर दिसतात.

मग एका नवरात्रात जाळी सरकली नाही. वरदन सार तोवर निवृत्त झाले होते. पायऱ्यांच्या जागी टोकन देणारं यंत्र आलं. बायकांनी एकदा विचारलं, दोनदा विचारलं. "पुढच्या वर्षी बघू" असं उत्तर मिळालं. संध्याकाळी त्या कोपऱ्यावर फोडणीचा वास यायचा थांबला, आणि त्याचं वाईट वाटायलासुद्धा कुणाला फुरसत नव्हती.

त्या दिवशी सोफ्यावरूनच मी आईला फोन लावला.

"आई, आपला वाणी इथे आहे."

"कोण?"

"वाणी गं. चेट्टियार. काचेच्या कपाटात बसलाय."

पलीकडे कुकरची शिट्टी झाली. मग आई म्हणाली, "जेवलाय का विचार. म्हणावं, बायको विचारतेय."

मी हसले नाही. माझ्या मागे उभा असलेला एक तरुण मात्र हसला. इस्त्रीचा शर्ट, गळ्यात ओळखपत्र. "तुम्ही मराठी? मी अनिकेत, नाशिकचा. इथे सामाजिक उपक्रम मी बघतो."

आपल्या भाषेत गोड बोलणारा अधिकारी भेटला की मी दुप्पट सावध होते.

"आवडलं का कपाट?" त्यानं विचारलं. खरंच अभिमान होता त्याच्या आवाजात. "शाखा रिकामी करताना स्ट्राँगरूममध्ये पेट्या निघाल्या, ताई. भंगारात चालल्या होत्या. मी अडवल्या."

"आणि उपरणं निळं कुणी केलं?"

"ते... एजन्सीनं. बँकेचे रंग जरा दिसावेत म्हणून."

"त्या बाहुल्या आमच्या आहेत."

"आपल्या सगळ्यांच्याच की."

"नाही. आमच्या. तो तिसऱ्या फळीवरचा माझ्या आईचा आहे. आठवड्यावर नवरात्र आलंय. मला तो घरी न्यायचाय."

तो गडबडला. खरोखर गडबडला, हे लिहिलं पाहिजे. त्यानं संगणकात शोधलं, वर फोन केला, परत आला. "ताई, नोंद काहीच नाही. तुमच्याकडे एखादी पावती असली तर मी आजच काढून देतो."

पावती नव्हती.

घरी येऊन मी आईवर आग पाखडली. "बँकेला! बँकेला तुम्ही पावतीशिवाय दिलंत! जी बँक दोन रुपयांचं पेन दोरीनं बांधून ठेवते, तिला?"

आई माळ्याखाली स्टुलावर उभी होती, कोलूची पत्र्याची पेटी उतरवत. "वरदन सारांकडे पावती मागायची? सणाला?"

"मागायची! सणालाच मागायची. आता ते म्हणतात, बँकेचा वारसा. तुम्ही सगळ्यांनी विश्वास ठेवलात आणि..."

"कुणी सांगितलं विश्वास ठेवला?"

मी पेटीचं खालचं टोक धरलं.

आई खाली उतरली. पेटी उघडली. डांबराच्या गोळ्यांचा तो थंड वास खोलीभर झाला आणि मी क्षणभर सात वर्षांची झाले. तिनं फडकं सोडलं. आतून वाणीण निघाली, पिवळ्या लुगड्यातली, नाकात मोरणी, उजवीकडे किंचित मान वळवलेली.

"ही काय आहे मग?" आई म्हणाली.

"वाणीण."

"पावती आहे ही." तिनं वाणिणीला जमिनीवर ठेवलं. "अगं, जोडी दिली असती तर ती त्यांची झाली असती. जोडीतला एक दिला, की तो कुणाचा हे विचारावंच लागत नाही. ह्याचं दुसरं आमच्याकडे आहे ना. सेल्वीनं तेच केलं, तेलुगूवालीनं तेच केलं. कुणी कुणाला सांगितलं नाही डी. सगळ्यांनी निम्मंच दिलं."

नवरा होता, नवरी नव्हती. राम होता, सीता नव्हती. माझ्या डोळ्यांपुढे त्या नऊ पायऱ्या आल्या, आणि त्यांवरचा एकेक एकटा जीव. बँकेची कंजुशी नव्हती ती. आमच्या बायकांचा संशय होता, नऊ पायऱ्यांवर मांडलेला, फुलं घातलेला. आणि बँक त्याच्यापुढे रोज उदबत्ती लावत होती.

एवढी पत्रकं लिहिली मी. मला वाटायचं, संशय घ्यायला मी शिकले, शिकून घरी आणला.

पुढच्या मंगळवारी आई धरून सातजणी निघाल्या, आठवी मी. हातांत पिशव्या, पिशव्यांत जुन्या साड्यांची बोचकी. दुसऱ्या बसमध्ये सेल्वी अक्कानं बोचकं मांडीवर घेतलं, तर कंडक्टरला ते बाळ वाटलं आणि त्यानं विचारलं, "पाप्पा झोपलीय का?" "झोपली नाही," अक्का म्हणाली, "नवऱ्याला आणायला चाललीय." सगळी बस हसली. मी सोडून. मी मनात भाषण जुळवत होते. वारसा कुणाचा, ठेवा कुणाचा, तीन मुद्दे, शेवटी मागणी.

भाषण लागलंच नाही. रखवालदारानं सलाम केला. आई काउंटरपाशी गेली, बोचकं सोडलं आणि वाणिणीला काउंटरवर ठेवलं. मग सेल्वी अक्कानं आपली सीता. तेलुगू मावशीनं ढोलवाला. एकीची नवरी, एकीचा लाल लाकडाचा राजा. संगमरवरी काउंटरवर सात बाहुल्या ओळीनं उभ्या राहिल्या. टोकन घेऊन बसलेली माणसं उठून जवळ आली. 

"पावत्या आणल्यात," आई अनिकेतला म्हणाली. "बघून घे, बाळा."

त्यानं बघितलं. खूप वेळ बघितलं. मग खिशातून किल्ली काढली. वर फोन केला नाही, हेही लिहिलं पाहिजे.

एकेक बाहुली काचेतून बाहेर आली आणि आपल्या जोडीशेजारी उभी राहिली. तेच बैठकीचे रंग, तीच उंची. राम निळ्याचा अजून निळा झाला होता, पण सीतेच्या खांद्याला खांदा बरोब्बर लागला. वाणिणीची मान कायम उजवीकडे का वळलेली, ते मला त्या काउंटरवर कळलं. वाणी डावीकडे बघत होता.

"एक फोटो घेऊ का?" अनिकेतनं हळूच विचारलं. "सगळ्यांचा. बँकेच्या अहवालासाठी... म्हणजे चांगलंच दिसेल, मावशी. समाजाशी नातं वगैरे."

आईनं वाणी उचलला आणि त्याचं तोंड आपल्या खांद्याकडे फिरवलं, झोपलेल्या मुलाला घेतात तसं. बाकीच्या सहाजणींनीही तेच केलं. फोटो निघाला असेल तर त्यात सात बायका आणि सात बाहुल्यांच्या पाठी असतील. छापा म्हणावं.

आता जोडी चौथ्या पायरीवर बसली आहे. विसंगत दिसते. ती फिकी, चिरा गेलेली, आणि तो नुकताच रंगवलेला, तुकतुकीत. मी म्हटलं, तो निळा खरवडून काढू. आई म्हणाली, "राहू दे. बँकेत राहून आलेला माणूस, दिसणारच तसा." पण वाणिणीला ती अजूनही डावीकडेच सरकवते. मग तिच्या लक्षात येतं आणि मागे घेते.

लिहायला बसले तेव्हा वाटलं होतं, इथे संपलं. संपलेलं नाही. त्या कपाटात अजून पुष्कळ जण आहेत. आमच्या भागातली कितीतरी घरं कोइमतूरला गेली, बंगळूरला गेली, काही कुठेच उरली नाहीत. दुसरा एक सनईवाला तिथे आहे, लग्नातला नवरा आणखी एक आहे, लंगडा झालेला शिपाई आहे. सातव्या पायरीवरची ती पोपटवाली बाईही आहे, जिच्या घराला काही मिळालं नाही. तिचा हातही निळा केलाय त्यांनी. अनिकेत म्हणतो, किल्ली त्याच्याकडे आहे. आज आहे. उद्या त्याची बदली होईल, आणि तेव्हा किल्ली कुणाच्या खिशात असेल ते मला माहीत नाही, म्हणून घाईनं लिहिते आहे.

तेव्हा हे वाचणाऱ्यांपैकी कुणाचे आईवडील कधी अंबत्तूरच्या वसाहतीत राहत असतील, तर माळ्यावरची पेटी उघडा. फडकी सोडा. आत कुणी एकटं सापडलं, मान एका बाजूला वळलेलं, तर ते मोडकं किंवा अर्धवट समजून टाकू नका. त्याला घेऊन पेरुंगुडीला या. कागद काही आणू नका.

रखवालदार सलाम करेल. थांबू नका, सरळ काउंटरपाशी जा.